लॉट क्रमांक एकशे बारा

रात्री साडेदहाला भांडं लावलं.
जुना स्लो कुकर, कडेनं फिकट केशरी फुलांची वेल,
झाकणाची मूठ केव्हाच तुटलेली;
मर्टननं तिथं बाटलीचं बूच पिळून बसवलंय.
ते तापत नाही. एवढं एक काम त्यानं चोख केलं.

सायडर घरचंच.
परवा दुपारी मागच्या अकरा झाडांची उरलीसुरली सफरचंदं,
हिमाचा पहिला चटका बसलेली, डागाळलेली,
प्रेसमध्ये ओतली. दांड्याला दोघं लटकलो.
गढूळ तपकिरी धार बादलीत पडत होती
आणि हे शेवटचं, असं कुणी बोललं नाही.
प्रेस म्हणजे लॉट क्रमांक नऊ.

दालचिनीच्या काड्या चार, अख्ख्या.
संत्र्याची साल, आतला पांढरा भाग खरवडून.
आलं अंगठ्याएवढं.
जायफळ किसणीवरून दोनदा; तिसऱ्यांदा हात आवरायचा.
लवंगा सात. आठवी पडली
की जीभ दातांच्या डॉक्टरकडून परतल्यासारखी.
मेपलचं सिरप नजरेच्या मापानं.
बटण 'लो'वर, रात्रभर.
उकळी फुटली की सफरचंद रुसतं,
मागे नुसतं रंगाचं पाणी उरतं.

तीन वाजता वास जिना चढून वर आला.
मर्टन कूस बदलून म्हणाला,
"आपल्या सामानाचे भाव करायला येणार लोक,
त्यांना पाजायचं कशाला?"
मी म्हटलं, "थंडी आहे."

सकाळी कोठारात, गाईंच्या रिकाम्या गव्हाणीशेजारी
लांब वायर ओढून भांडं मांडलं.
अख्खं ईस्ट कॉर्बी आलं होतं.
हातमोजे काखेत, कागदी पेले ओंजळीत,
कुणी माझ्याकडे बघेना, सगळे पेल्यात फुंकर घालत होते.
ट्रॅक्टर गेला. दुधाची टाकी गेली.
प्रेस कुणा पाहुण्यानं घेतला, हॉटेलात शोभेला ठेवायला.
मर्टन घरातच. खिडकीचा पडदा तेवढा हलायचा.

मग लिलाववाल्याच्या पोऱ्यानं घोटाळा केला:
चिकटवत चिकटवत आला आणि कुकरलाही आकडा लावला.
"एकशे बारा! चालू स्थितीत, आत माल गरम!"
लोक हसले. मीही हसले असेन.
"दोन डॉलर," कुणीतरी म्हणालं.
"तीन," म्हणाली पोस्टातली इडेला.
"दहा," दारातून आवाज आला.

मर्टन. घरातल्या सपाता, वर शिकारीचा कोट.
लिलाववाला खाकरला, "मर्टन, मालकाला बोली लावता येत नाही."
"मग बारा."

कोठार चिडीचूप झालं. भांड्याचं झाकण थरथरत होतं, तेवढाच आवाज.
"वीस," मागून हेझन फ्लिंट म्हणाला.
हेझन, कुंपणापलीकडचा.
चार फूट जमिनीच्या वादावरून
अठरा वर्षं ज्यानं आमच्याकडे पाहून टोपीला हात लावला नाही.
"पंचवीस." "तीस."
"सदतीस," हेझन म्हणाला, आणि मर्टननं कोटाचे खिसे चाचपले,
दोन्ही, मग पुन्हा दोन्ही.
हातोडा पडला.

हेझननं मोजून पैसे दिले.
पेला भरून मर्टनच्या हातात दिला, मग स्वतःचा भरला.
दोघं उभे राहिले, बर्फ पडेल का यावर बोलत.
पडणार, असं ठरलं.

सोमवारी हेझन मागच्या दारी आला, कुकर बगलेत,
घासून लख्ख केलेला, बूच जागेवर.
मला वाटलं परत करतोय.
"काड्या चार, आलं, साल, ते कळलं," तो म्हणाला,
"लवंगा किती?"

खोक्यांनी भरलेल्या स्वयंपाकघरात मी क्षणभर थांबले.
"सहा," मी म्हटलं.
त्यानं तळहातावर पेनानं लिहून घेतलं.