न तोललेले मासे

प्रोग्राम कोसळला असता तर बरं झालं असतं.
लाल अक्षरं आली असती, मी दोन शिव्या हासडल्या असत्या,
कॉफी ओतून घेऊन पुन्हा बसले असते.
पण तो चालला.
सहा सेकंदांत सव्वीस हिवाळ्यांची सरासरी
तीन दशांश स्थळांपर्यंत.

तार्तूतल्या या तिसऱ्या मजल्यावरून
पेइप्सी सरोवर मला रकान्यांतच दिसतं:
तारीख, जाळं, लांबी, वजन ग्रॅममध्ये.
आहवेन मासा. अंगावर काळसर पट्टे, पर तांबडे.
हे मला ठाऊक आहे; त्याला रकाना नाही.

"ताळा जुळतो ना?" आर्वेदनं दारातूनच विचारलं.
जुळत होता.
चूक दोन्हीकडे सारखी असली
की चुकीचाही ताळा जुळतो.
अहवाल गेला. मासेमारीचा कोटा पाचव्या हिश्शानं वाढला.

मार्चमध्ये फेओक्तिस्त आला,
काठावरच्या गावातून, सकाळच्या बसनं,
पिशवीत कांद्यांची एक माळ आणि वह्या.
म्हणाला, तुमच्या कागदात
त्या वाईट हिवाळ्यातले मासे फार लठ्ठ दिसतात.
तेव्हा तर मी काटा हातातही धरला नव्हता.

वही पेन्सिलीनं लिहिलेली. शाई तिथे गोठते.
"वारा. बोटं वळत नाहीत. लांबी घेतली, वजन नाही."
"काटा बर्फातल्या भोकात पडला."
"स्तेपानिदाला पुरलं. लांबी मुलानं घेतली."
आणि माझ्या पडद्यावर त्याच दिवसांपुढे
९९९
९९९
९९९

जुन्या प्रोग्रामला कुणीतरी सांगून ठेवलं होतं:
नऊशे नव्याण्णव म्हणजे माहीत नाही.
नव्या आवृत्तीनं फाइल उघडली
आणि एवढं एकच वाक्य उंबऱ्याबाहेर राहिलं.
नऊ हजार असते तर मला खटकलं असतं.
पण किलोला एक ग्रॅम कमी!
असा आहवेन असतो. क्वचित, पण असतो.

म्हणून थंडी जितकी कडक, तितका मासा जाड.
त्याची आखडलेली बोटं आम्ही तोलली,
बुडालेला काटाही तोलला,
आणि त्याच्या बायकोच्या मरणाचा आठवडा
आलेखात सगळ्यात उंच.

दुरुस्ती एका ओळीची.
ती लिहिताना तो खुर्चीच्या कडेला बसून होता, टोपी गुडघ्यावर.
सरासरी घसरली, थांबली.
"आता तिथे काय लिहिलंत?"
काही नाही. रिकामं ठेवलं.
"रिकामं ठेवता येतं?"
येतं, म्हटलं, पण दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

तो बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला,
मग परतीची बस कितीला, विचारलं.
मंत्रालयाला पत्र मी त्याच दुपारी लिहायला घेतलं.
जाळी मात्र आठवड्यापूर्वीच
बर्फाखाली सोडून झाली होती.

कांदे अजून खिडकीत आहेत.
किती, ते मी मोजलेले नाहीत.