शुक्रवारी रात्री निघायचं

शेठनं परवा एक फोटो आणून दिला,
परदेशातल्या गिऱ्हाइकाचा.
नैऋत्येकडच्या कुठल्याशा वाळवंटातलं शहर,
मातीची घरं, त्यांचे कोपरे गोल,
भाकरीचे काठ बोटांनी फिरवून घ्यावेत तसे.
निळी दारं. दाराशी लाल मिरच्यांची माळ.
म्हणे तिथं गल्लोगल्ली चित्रं मांडलेली असतात,
आणि मडकीवाला नि चित्रवाला एकाच कट्ट्यावर बसतात.
"ह्यावरून चादर पाहिजे, राजेशम.
पायऱ्या-पायऱ्यांचे शंकरपाळे. मधी सूर्य."

तेव्हापासून आमचे हे
ग्राफ पेपरवर वाकलेत.
एक चौकोन म्हणजे एक धागा.
डोळे गेले तरी चालतील, चौकोन चुकता कामा नये.
पण काल बघितलं तर पेन्सिल
समासात शिरलेली:
शुक्रवार, रात्री नऊ. निघणे.
शनिवार, मातीचं देऊळ. दुपारून चित्रं.
रविवार, मडकी. परत.
खाली आम्हा दोघांची नावं,
रेशन कार्डावर असतात तशी, वयासकट.

मी सुपात पानं कापत होते.
हजार विड्यांतल्या सहाशे व्हायच्या होत्या.
म्हणलं, "काय लिहायलात?"
"सहल."
"किती लांब हाय?"
"शेठ म्हणतोय, विमानानं एक दिवस, एक रात्र."
"मग पोचेस्तोवर रविवार संपतोय की."
"तिकडं संपत नसतोय," हे म्हणाले,
"तिकडं आपल्या मागनं उजाडतंय.
आपला सोमवार, त्यांचा अजून रविवारच."
आणि हसले.
बावीस वर्षांत असं हसलेलं मी
एकदाच बघितलंय, लग्नाच्या हिशेबात
बाराशे रुपये जास्त निघाले तेव्हा.

मग मीही बसले जवळ.
कडक भाकरी चाळीस. शेंगाची चटणी, घट्ट डब्यात.
त्यांची हिरवी साडी नको म्हणाले, पिवळी घे,
मातीच्या भिंतीपुढं उठून दिसेल.
पत्र्यातनं ऊन गळत होतं,
त्रेचाळीस असेल, जास्तच.
वाळवंट बघायला एवढं लांब कशाला,
असं ओठावर आलं होतं. गिळलं.
पुढं म्हणलं, "पाणी कधी हाय?"

भिंतीवर कॅलेंडर. पाचव्या-पाचव्या दिवशी
माझ्या हातचे निळे गोल.
ह्या खेपेचा गोल नेमका रविवारच्या पहाटेवर.

पेन्सिल थांबली.
शेजारच्या लचव्वाला सांगितलं तर भरेल,
पण तिची मोटर आधीच आमच्या वाट्याचं ओढते.
ह्यांनी रविवार खोडला.
शनिवार, संध्याकाळी परत, असं केलं.
थोड्या वेळानं शनिवारही बारीक होत गेला,
आधी मडकी गेली, मग चित्रं,
देऊळ तेवढं उरलं.

"तिथं रोज पाणी येत असेल का?"
मी फोटो उजेडात धरला.
आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं,
झाडं बाभळीच्या चुलत्यासारखी.
"वाटत नाही."
"म्हणजे तिथली बाईपण कॅलेंडर बघत असेल,"
हे म्हणाले, आणि परत चौकोन भरायला लागले.

रविवारी पहाटे साडेतीनला नळ खाकरला.
दोन ड्रम, सात घागरी, एक गळकी बादली,
ती पण भरली, गळेस्तोवर तरी आपली.
ओल्या हातानंच ह्यांनी कागद दाखवला.
सूर्य झालेला. शंकरपाळे झालेले.
डाव्या कोपऱ्यात, निळ्या दाराशी,
दोन तपकिरी ठिपके, फोटोत नसलेले.
"हे काय?"
"आपण."
"शेठ ओरडेल."
"शेठ थोडाच मोजतोय."

मी बराच वेळ बघत राहिले.
आम्ही एवढेसे, तीन तीन धाग्यांचे,
शुक्रवारी रात्री निघून पोचलेले.
मग म्हणलं, माझ्या शेजारी
अजून एक चौकोन भरा, निळा.

"घागर?"
"दोन दिवसांचीच तर गोष्ट हाय.
पण पाणी आपलं आपल्याजवळ असावं."