उजेड हुंगतो कसा

सावदा. रायपनिंग चेंबर नंबर चार.
आज एकही क्रेट नाही, फरशी धुतलेली,
मधोमध प्लास्टिकच्या स्टुलावर
माझी सहा वर्षं:
करंगळीच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा,
दोन काचतंतूंमध्ये चिकटवलेला.

लोटू भंगाळे खांद्यानं दार ढकलत येतात,
दोन्ही हातांत चहाचे पेले.
"एवढुसं? हे वास घेईन?"
घेईल, म्हणते मी. उजेडानं.
"उजेड हुंगतो कसा, बाप्पा?"

जळगावच्या लॅबमधलं आधीचं यंत्र
लग्नातल्या ट्रंकेएवढं होतं.
दोन आरसे, आणि त्यांच्यात उजेडाला
शंभर खेपा घालायला लावायच्या,
तेव्हा कुठे इथिलीनचे चार रेणू
त्याच्या अंगाला लागायचे.
टेम्पोतून आणताना तापीच्या पुलावर
एक आरसा केसभर हलला.
दोन महिने गेले.

ह्या तुकड्यात आरसे नाहीत. भोकं आहेत.
केसाच्या जाडीत दोनशे बसतील अशी,
रांगेनं,
जशी तुमच्या बागेत पाच बाय पाचावर लागण.
(दुसरी उपमा सुचत नाही; आजोळ माझं रावेरचं.)
ठरावीक रंगाच्या उजेडाला ह्या बागेत थारा नाही,
रांगेमागून रांग त्याला परतवते.
मग आम्ही मधली एक ओळ लावतच नाही.
कोरी पट्टी. तेवढीच वाट.
आणि त्या वाटेवर एक नेमका रंग,
तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा,
आपली चाल विसरतो.
खांद्यावर घड घेतलेला माणूस
पाटाच्या चिखलातून पाऊल मोजून टाकतो,
तसा. तीसपट सावकाश.
भोकांत शिरलेली हवा त्याला गाठते,
ओळखीची निघाली तर
थोडा उजेड ठेवून घेते.
पलीकडे कमी उतरतो. तेवढंच वाचायचं.

लोटू मान हलवत नाहीत.
त्यांचं नाक कार्बाइडच्या दिवसांत गेलं.
वीस उन्हाळे पुड्या बांधल्या, बंद कोठीत,
तोंडाला ओला गमछा.
आता देठ दाबून सांगतात: उद्या, परवा, आज दुपारीच.
घरी भाजी करपली
तर बायको ओरडल्यावर कळतं.

रात्री शून्य घ्यायचं होतं.
रिकाम्या खोलीची सरळ रेघ;
ती नसेल तर भरलेल्या खोलीचं काही सांगता येत नाही.
एक वाजता रेघ झुकली.
दमट हवा असेल, भोकांत पाणी धरतं, जुनं दुखणं.
हीटर लावला. झुकलेलीच.
लेसर तपासला. झुकलेलीच.
शेजारी तीन नंबरात चौदा टन माल पिकतोय,
दाराच्या रबरपट्टीवरून बोट फिरवलं, घट्ट.
तीनला मी फरशीवर बसले
आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण
मनातल्या मनात फाडलं.

लोटू नळीकडे बघत होते.
हवा ओढणारी ती पातळ नळी,
स्टुलावरून घसरून
तिचं तोंड माझ्या पिशवीत पडलेलं.
"पोरी, पिशवीत काय हाये?"

वह्या. चार्जर. त्यांच्याखाली
सकाळी बसस्टॅंडवर घेतलेलं एक केळ,
देठाशी काळं, विसरलेलं.

त्यांनी सोललं, मोडलं, अर्धं मला दिलं.
"कसा येतो वास?"
गोड, म्हटलं.
"गोड त मले बी ठाव हाये."
मग मी पुष्कळ वेळ हुंगत राहिले,
आणि एकही शब्द आला नाही.
स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
रेघ जिथे खाली गेली होती तिथे
त्यांनी बोट ठेवलं. "इथी?"
हाव, म्हटलं.
बोट तिथेच होतं.
चहा कधीचा गार झालेला.

नोंदवही, पहाटे तीन पस्तीस:
चेंबर चार रिकामं. चिप ठीक.
चुकीचं कारण: केळ, एक, माझं.
शून्य पुन्हा घेणे.