स्पर्शकोन

हमरियाच्या यार्डात रात्रीचे अडीच.
पोलाद बत्तीस अंश, दवबिंदू तीस.
नियमाला तीन अंशांचं अंतर लागतं,
म्हणजे आज रंग नाही.
कुन्हाम्मद चहा आणायला गेलाय.
ऑगस्टातली इथली हवा अंगावर नेसलेली असते,
चष्म्यावर थेंब, हेल्मेटच्या काठाला थेंब,
नोंदवहीचं पान लुळं.

रंग नसला तरी तपासणी असतेच.
बाटलीतून बारीक पाणी मारायचं
आणि एक मिनिट नुसतं बघायचं.
पोलाद स्वच्छ असेल तर पाणी पसरतं,
ओल्या फडक्यासारखं अंगभर बसतं.
तेलाचा नुसता वास जरी मागे राहिला असेल
तर ते तिथे अंग चोरतं,
गोळा होऊन राहतं,
परक्या घरी पाटावर बसवलेल्या पोरासारखं.

थेंबाची कड जिथे लोखंडाला टेकते
तिथे एक कोन होतो. स्पर्शकोन.
लहान असला तर ओढ.
मोठा असला तर, असू दे,
बसतो इथेच, निघेन जरा वेळाने.

दाभोळच्या शाळेत खतीब मास्तर माझ्याबद्दल म्हणत,
पालथ्या घड्यावर पाणी.
मास्तर, हेच मोजायचा पगार घेतो मी आता.
भाजलेल्या मातीवर कोन फार लहान असतो.
घडा पालथा असला तरी
थोडं पितोच.
अळवाच्या पानाचं तेवढं खरं आहे.

सत्तेचाळीस नंबरच्या पाइपावर
पाणी पसरत आलं आणि पेरभर जागेपाशी अडलं.
आत बारकेबारके थेंब, वळणावळणाने रांगेत.
टॉर्च आडवा धरला तेव्हा कळलं,
अंगठा.
कुणीतरी हातमोजा काढून हात लावला होता.

कुणीतरी कशाला, मोनिरुल.
आठवडा झाला नाही सिराजगंजहून येऊन.
संध्याकाळी मी पाहिला होता त्याला,
म्हशीच्या पाठीवर टेकवतात तसा
पाइपावर पंजा टेकवून उभा.
गार लागतंय का बघत असेल.

पाइपाच्या जागा आम्ही घड्याळावर सांगतो.
हा अंगठा तीनच्या काट्यावर,
म्हणजे उभ्या भिंतीवर.
तिथून थेंबाने ओघळायला हवं.
ओघळत नाही.
खालून फुगतो, वरून ताणतो,
खालचा कोन मोठा होतो, वरचा बारीक,
आणि त्या दोघांतल्या फरकावर
आपलं आख्खं वजन तोलून धरतो.
पृष्ठभाग अगदी निर्मळ, अगदी गुळगुळीत असता
तर हा फरकच पडला नसता.
थेंबाला धरायला
एखादा ओरखडा लागतो, एखादा डाग लागतो.
कड तिथे अडकते.

स्वतःबद्दल मी काही म्हणत नाहीये.
एकवीस वर्षं झाली, दर दोन वर्षांनी शिक्का.
हमीदाला हे एकदा फोनवर समजावलं होतं.
सगळं ऐकून घेऊन म्हणाली,
मग यंदा ओघळताय, की अडकलेलेच?

हा पाइप समुद्राच्या तळाशी जाणार, तीस वर्षांसाठी.
रंग त्या अंगठ्यापाशीच आधी सुटेल,
फोड येईल, खारं पाणी शिरेल.
दोष म्हणून लिहायला हवं,
फोटो काढायला हवा, नाव विचारतील.

मी कापडावर सॉल्व्हंट घेतलं,
एकाच दिशेने पुसलं, कापड बदललं, परत पुसलं.
पुन्हा फवारा.
पाणी आलं
आणि त्या जागेवरून न थांबता पुढे गेलं.
मिनिट संपलं तरी मी टॉर्च धरूनच होतो.

कुन्हाम्मदने कागदी कप पुढे केला.
काय बघताय साहेब, काहीच तर नाही तिथे.
हो, म्हटलं.

सत्तेचाळीस. पाणी एकसंध. वेळ दोन छप्पन्न.
सकाळी मोनिरुलला विचारायचं,
हातमोजे मोठे होतात का.