उपाशीपोटीची रांग

दारव्ह्याच्या दवाखान्यात मंगळवारी
उपाशीपोटीची रांग असते.
मानसं भिंतीकडून, बाया खिडकीकडून.
आमचे हे तिकडं, मी इकडं,
मधात रिकामा बाक.
घरी खाटीवरही असंच हाय,
तीन वर्षं झाले.

आधी वाटलं, बाई हाय कोनी.
गिरणीवर दळन घेऊन येनाऱ्या
एकेकीचं तोंड मी निरखून पाह्यलं.
मग वाटलं, मीच जुनी झाली.
पोळ्याले नवी साडी घेतली, रातभर नेसून राह्यली.
हे भिंतीकडं तोंड करून म्हनले,
"गिरणीचा पट्टा तुटला आज. लय थकलो."
सकाळी जाऊन पाह्यलं.
पट्टा साबूत होता.

आन् खरं सांगू?
मले सुटल्यावानीच वाटलं.
माह्यं अंग कोरडं, आत आग,
खाज अशी का चारचौघीत बसवेना.
खोबरेल लावलं, तुरटीच्या पान्यानं धुतलं.
सांगू कोनाले? सुनेले?
एका घरात दोन चोर,
दुसऱ्याले जाग येऊ नये म्हनून
जपून श्वास घेनारे.

नवी सिस्टर कागद भरत होती.
डोळे विचारले, पाय विचारले, लघवी विचारली,
मग त्याच आवाजात,
"आणि रात्रीचं, दोघांचं?"
हे कॅलेंडर वाचू लागले.
मी माह्या चपलेचा अंगठा.

"काका, पायाची बोटं बधिर झाली ना?
तसंच तेही. नसा शुगरनंच बिघडतात.
काकू, तुमची खाज पण शुगरचीच.
दोघांनाही औषध आहे."
पऱ्हाटीवर मावा पडला
असं सांगावं, तसं सांगतलं पोरीनं.
आन् नावं लिहिली एका खाली एक,
देविदास ढोके, पंचफुला ढोके.
राशन कार्ड सोडलं
तं लग्नपत्रिकेनंतर हे पहिलंच.

एसटीत हे माह्या बाजूले बसले.
लाडखेडपर्यंत चूप.
मग रस्त्याकडं पाहत,
"पट्टा तुटला नव्हता."
"मले माहीत हाय," म्हनलं.

रात्री त्याईनं त्याहिच्या गोळ्या घेतल्या,
मी माह्या.
बाकी काही झालं नाई.
अंधारात माह्या पायानं
त्याहिच्या बोटाले हात लावला.
"कळते का?"
"नाई," म्हनले.
थोड्या वेळानं म्हनले,
"पन काढू नको."