ळची लाइन

गांधीबागेतल्या खड्ड्यांत एकतीस वर्षं
मी तारा जोडल्या, शाल्वी.
टेलिफोनच्या. जोडीजोडीनं,
पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी,
आणि संध्याकाळी जेलीचे हात
घासलेटनं धुऊन घरी.
आता त्याच बोटांनी तुझं लंगोट बदलतो.

तुझी आई मेडिकलमध्ये मेंदूचे आलेख काढते.
इवल्या डोक्यांवर वायरी चिकटवते,
बाळ झोपायची वाट पाहते.
परवा वरणभात कालवता कालवता म्हणाली,
"बाबा, हिच्या डोक्यात सेकंदाला लाखानं जोडण्या होऊन राहिल्या."
माझा घास हातातच राहिला.
शंभर जोड्यांच्या केबलला मला दिवस लागायचा,
तोही खड्ड्यात पाणी नसलं तर.

"अन् जोडते कोण?"
"कोणी नाही. ती ऊं म्हणते,
तुम्ही ऊं म्हणा. त्यातच जुळते."
"नकाशा?"
"नसते. आधी सगळीकडून सगळीकडे टाकते,
मग जे वाजत नाही ते कापते."

कापते.
हे मला कळतं.
मीही कापलेत नंबर:
बिल थकलेली खानावळ, वारलेला वकील,
दुबईला गेलेलं अख्खं घर.
चिमटा लावायचा, कानात शांतता,
आणि कट.
पण आमच्याकडे वरून कागद यायचा,
खाली साहेबाची सही.

तुझ्याकडे सही कोणाची गं?

ज्या उरतात, त्यांच्यावर म्हणे चरबीचं अस्तर चढतं,
मग निरोप सुसाट धावतो.
काम डोक्याच्या मागून सुरू होतं,
कपाळाशी पोचायला वीस-पंचवीस वर्षं.
हिशेब केला मी, पेपरच्या कडेला.
नसेन तेव्हा.
असू दे, आमच्या खात्यातही
खड्डा खणणारा एक
आणि झाकण बसवणारा दुसराच.

तर ळ.
गल्लीत सगळी हिंदी. दूधवाला, कूलरचा मेकॅनिक,
तुला उचलून नेणाऱ्या समोरच्या नाझनीन आपा,
कोणाकडेच ळ नाही.
आई सांगते, वर्षाच्या आत कान ठरवून टाकतो
कोणते आवाज ठेवायचे.
तुला आठ महिने झाले.
म्हणून सकाळी अंगणात ऊन चढायच्या आत
मी तुझ्यासमोर मांडी घालतो आणि लाइन तपासतो:
कावळा. केळं. आभाळ.
उन्हाळा, उन्हाळा, उन्हाळा.
तू माझ्या जिभेकडे बघतेस,
जशी मांजर नळाकडे.

एक गोष्ट तुझ्या आईला सांगितलेली नाही.
माझी माय काटोलकडची. तिच्या तोंडी ळ नव्हता.
काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया.
ळ मला शाळेत मिळाला, सातव्या वर्षी,
देवतळे गुरुजींच्या रुळानं, तळहातावर.
उशिराची जोडणी ती. अजून खरखरते.
माझ्या साहेबांशी बोलताना
मी आधी मनात म्हणून बघायचो.

काल रात्री लाइट गेली. कूलर थांबला.
तू तापलेल्या गादीवर रडून रडून लाल,
आई नाइट ड्यूटीला.
मी सुपानं वारा घालत होतो,
अर्धा झोपेत, अर्धा कुठे कोण जाणे,
आणि तोंडातून निघून गेलं,
"मीट व माय, डोये मीट."

तू थांबलीस.
अंधारात, अगदी स्पष्ट,
"अये."

पन्नास वर्षं ज्या नंबरवर कोणी बोललं नव्हतं
तिथून.

लाइट आली तेव्हा पहाटेचे साडेतीन.
तुझी मूठ माझ्या अंगठ्याभोवती,
त्यावर केबलच्या चाकूची जुनी खूण.
मी उठलो नाही. सूप तसंच धरून
एकदा हळूच म्हटलं, डोळे.
एकदा म्हटलं, डोये.
मग ऐकत राहिलो.