अठ्ठावन्न

कोपरखैरणे, सेक्टर सहा, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पिशवीत तीन फिल्टर, एक मेम्ब्रेन, पान्हा.
महिना संपायला चार दिवस
आणि दोन मशिनं विकायची बाकी.

दार उघडलं हौसाबाई ढेब्यांनी.
"पाण्याला वास मारतो. सून म्हणते मशिन घ्या,
पोरगा म्हणतो हप्त्यावर घ्या,
मी म्हणते, आधी पाण्याला तरी विचारा."

पाण्याला विचारायचं यंत्र माझ्या खिशात असतं,
पेनासारखं.
ग्लासात बुडवायचं, आकडा बघायचा
आणि चेहरा गंभीर करायचा.
चेहऱ्याचं ट्रेनिंग वागळे इस्टेटात झालं,
दोन दिवस, चहा-बिस्किटांसकट.

मीटरवर अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न म्हणजे काय, ते मला कळतं.
डोंगराचं पाणी, मोरब्याच्या धरणातलं,
वाटेत कुणी खारवलेलं नाही.
त्याला माझं मशिन लावायचं म्हणजे
न्हाऊन आलेल्या पोराला पुन्हा दगडानं घासायचं,
आणि एक तांब्या पाजायला
तीन तांबे मोरीत ओतायचे.

"काय म्हणतंय पाणी?"
जिभेवर वाक्य तयार होतं: क्षार फार आहेत, मावशी.
शंभर दारांत म्हटलेलं, गुळगुळीत झालेलं.
तोंडातून आलं भलतंच:
"गच्चीची चावी कुणाकडे असते?"

टाकीचं झाकण फुटलेलं. वर ठेवलेली फरशी, फरशीला फट,
फटीतून आत गेलेली कबुतराची पिसं,
पतंगाचा निळा तुकडा,
आणि तळाशी बोटभर गाळ, चहाच्या चोथ्यासारखा.
बाराच्या उन्हात दोघं वाकून बघत राहिलो,
विहिरीत पोहरा पडल्यावर बघतात तसं.
"हेच पितोय होय," त्या म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं,
"हेच पाजलं नातीला."

खाली येऊन बिलाच्या मागे लिहून दिलं:
टाकी घासून धुवा, झाकण नवं बसवा, तोवर उकळून प्या.
उकळी फुटली की लगेच गॅस नका बंद करू,
मिनिटभर खळखळू द्या.
"आणि टाकीत आहे ते?"
"ते सोडून द्यायचं."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी कणगीला भोक पाडायला सांगितलं.
"सोडायचं कशाला? चारी मजल्यांना सांगते,
उद्या मोटर लावायची नाही. कपडे, लादी, संडास,
उरलं वीतभर तर खाली नारळ आहे."

बेसिनचा नळ ठिबकत होता.
खाली पातेलं. "रात्रीत दीड तांब्या भरतं," त्या म्हणाल्या,
दूधवाल्याचा हिशेब सांगावा तशा.
माझ्या पिशवीच्या कप्प्यात वायसर होता. बसवला.
ठिबक थांबली तेव्हा
घर एकदम शांत झालं, दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
"माहेर कुठलं, मावशी?"
"खालापूरकडचं." मग नळाकडे बघत,
"होतं."
पातेलं पुसून पालथं घातलं.
"आमच्या दाराशी जांभूळ होतं.
ह्या पाण्याची आणि माझी ओळख जुनी आहे."

मला पुढचं विचारता आलं नाही.
तेवढ्यात फोन. साहेब.
"लागलं का मशिन?"
"नाही."
"किती आलं मीटरवर?"
"अठ्ठावन्न."
"मग घाबरवायचं ना, यार!"

ओट्यावर मघाचा ग्लास तसाच होता.
सवयीनं उचलला, सिंकमध्ये उपडा करणार,
तर मनगट धरलं त्यांनी,
म्हाताऱ्या हाताला इतकी ताकद असेल
असं वाटलं नव्हतं.
ग्लास घेतला, खिडकीपाशी गेल्या,
तेलाच्या डब्यात लावलेल्या पुदिन्याला
थोडं थोडं करून सगळं घातलं.

"वायसरचे किती?"
दहा रुपये, म्हणालो.
पंधराचा होता.